थरथरीचं खातं

ज्याच्याकडे गाडी नाही असा मनुष्य गाडीविषयी जितकं बोलतो, तितकं ज्याच्याकडे गाडी आहे तो बोलत नाही, हे मला स्वतःची गाडी घेतल्यावर कळलं. २०२२ च्या गुढीपाडव्यापर्यंत मी स्वतः पहिल्या वर्गात होतो. बँकेच्या काउंटरवर बसून मी कित्येकांना कुठली गाडी घ्यावी याचा सल्ला दिला आहे आणि त्यांनी तो ऐकलाही आहे. बँकेच्या माणसाला पैशातलं कळतं असा बीडमध्ये एक समज आहे. आमच्या घरी तो नाही.

पाडव्याला मी जी गाडी घेतली ती २००९ सालची मारुती ८००. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती रस्त्यावर आली तेव्हा मी रांगून नुकताच उभा राहायला लागलो होतो आणि २०१४ साली कंपनीनं ती बनवणं बंद केलं तेव्हा मी कॅश काउंटरवर नोटा मोजत होतो. मधल्या तीस वर्षांत सगळ्या मध्यमवर्गानं ती घेतली, मिरवली आणि विकली. सगळी पंगत उठून हात धुऊन विडा खात बसली असताना एखादा पाहुणा हाशहुश करत मांडवात शिरतो ना, तसा मी मारुतीच्या दुनियेत शिरलो.

"एवढ्या पैशात नवी स्कूटी आली असती," सौ. म्हणाली.

"आणि आईला स्कूटीवर आणायचं?"

यावर ती गप्प बसली. गाडी घेण्यामागचं खरं कारण आईच होती. ती माजलगाव तालुक्यात धाकट्या भावाबरोबर शेतातल्या वस्तीवर राहते. वय शहात्तर, गुडघे त्याहून म्हातारे, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा अगदी पिकलेला. डॉक्टर बीडला. रेल्वेचं म्हणाल तर बीडला पहिली रेल्वे आली १७ सप्टेंबर २०२५ ला, आणि तीही अहिल्यानगरच्या बाजूनं. आमचं गाव बरोबर उलट्या दिशेला. राहिली एसटी. ती वस्तीपासून दोन किलोमीटरवर थांबते.

तर आईला बीडला आणायचं काम गाडीकडे आलं. परत जाताना मात्र ती एसटीनंच जायची. आधी तिला अर्धं तिकीट पडायचं आणि त्याच वर्षी २६ ऑगस्टपासून पंचाहत्तरी उलटलेल्यांना एसटी फुकट झाली. मग तर प्रश्नच मिटला. "सरकार फुकाट न्यायलंय आन् तू पेट्रोल कामून जाळतो?" या तिच्या अर्थशास्त्राला माझ्या बी.कॉम.मध्ये उत्तर नव्हतं. फाट्यावरून धाकटा तिला ट्रॅक्टरवर बसवून न्यायचा.

एरवी मी एकटा गावी गेलो की गाडी मारुतीच्या पारापाशी डांबरी रस्त्यावर उभी करायचो (मारुतीसमोर मारुती, तेवढीच राखण) आणि वस्तीवर चालत जायचो. आईला आणायचं असलं की मात्र पांदणीतून थेट दारापर्यंत गाडी घालायची. ज्या माउलीनं मला कडेवर घेऊन ती पांदण तुडवली तिला मी पाऊण किलोमीटर चिखलातून चालवू काय?

हे सगळं इतक्या तपशिलानं का सांगतोय, ते पुढे कळेल. मला स्वतःलाच ते कळायला तीन महिने लागले.

जून संपता संपता गाडी थरथरायला लागली.

थरथरायला लागली म्हणजे कायमची नाही. तेलगाव ओलांडून वडवणीच्या दिशेनं रस्ता बरा लागला, काटा पंचावन्नावर गेला, की स्टिअरिंगला बारीक शिरशिरी सुटायची. साठला पिठाच्या चालू गिरणीवर हात ठेवल्यासारखं व्हायचं. आरशाला टांगलेलं लिंबू नाचायचं आणि त्याच्या नादानं मिरच्याही. वेग पंचेचाळिसावर आणला की सगळं शांत. कधी बीड येईपर्यंत हा खेळ चालायचा, तर कधी वडवणीच्या अलीकडे गतिरोधकावर दणका बसला की शिरशिरी आपोआप थांबायची आणि गाडी अशी निमूट चालायची की मलाच माझी शंका यावी.

"गाडीला हिवताप आलाय का रं?" आईनं मागच्या सीटवरून विचारलं.

"जुनी आहे ना. थोडं हलायचंच. एसटी हलत नाही का?"

"एसटी हालती, पर सारखीच हालती. बसलं की झोप येती. ही मधीच हालती, मधीच गप ऱ्हाती. हिच्या मनात कायतरी हाय."

मनात काय आहे ते काढून घ्यायला मी गाडी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीनं गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि पहिली आज्ञा केली, "आधी धुऊन आणा. असल्या चिखलात मी हात घालत नसतो." मी वॉशिंग सेंटरला गेलो. तिथल्या पोरानं खालून-वरून पाण्याचा फवारा मारून गाडीला अभ्यंगस्नान घातलं. मग मिस्त्री स्वतः चालवत बायपासला गेला, सत्तरपर्यंत पळवली, ऐंशीपर्यंत पळवली. लिंबू समाधी लागल्यासारखं स्थिर.

"साहेब, गाडीत काही नाही," तो म्हणाला आणि माझ्याकडे एका नजरेनं बघितलं. ती नजर माझ्या ओळखीची होती. 'एटीएममधनं पैसे आलेच नाहीत' म्हणून भांडायला आलेला ग्राहक असतो. त्याच्या खात्यातून रक्कम वजा झालेलीच नाही असं आढळतं तेव्हा मी त्याच्याकडे नेमकं तसंच बघतो.

पण पुढच्या खेपेला आईला घेऊन येताना गाडी पुन्हा थरथरली.

आता ही गोष्ट बँकेत बोलण्याची चूक मी केली. मोतीबिंदूवर कुणी फुकट सल्ला देत नाही. गाडीवर मात्र आमच्या शाखेत शिपायापासून शाखाधिकाऱ्यापर्यंत सगळे एमबीबीएस आहेत. कर्ज खात्याचा मित्र म्हणाला, "मारुतीला सिलिंडरच तीन. तीन पायांचं स्टूल हलणारच." क्लिअरिंगवाल्याचं निदान टायर. पासबुक छापणाऱ्या मुलीच्या मते शनी. मेहुणे पुण्याहून फोनवर म्हणाले, "विकून टाका." मेहुण्यांना आमची कुठलीही वस्तू विकून टाकावीशीच वाटते. सगळ्यात अधिकारवाणीनं बोलले ते एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक पेन्शनर. दर महिन्याच्या एक तारखेला पेन्शन घेतल्यावर ते काउंटरला कोपर टेकवून ठामपणे सांगत, "प्रोपेलर शाफ्ट. डोळे झाकून सांगतो." मी म्हणालो, या गाडीत पुढचीच चाकं ओढतात, हिला प्रोपेलर शाफ्टच नाही. त्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग तर तो बघायलाच पाहिजे!" मागे पन्नास माणसांची रांग होती, म्हणून तो विषय तिथंच राहिला.

एवढ्यांचं ऐकल्यावर काहीतरी करणं भाग होतं. इंजिनाचं माउंटिंग बदललं. व्हील बॅलन्सिंग केलं. तुम्ही ते कधी पाहिलं नसेल तर जरूर पाहा. चाक मशीनवर चढवतात, गरगर फिरवतात आणि मशीन सांगतं की अमुक ठिकाणी पंधरा ग्रॅम कमी आहे. मग रिमच्या कडेला शिशाचा एवढासा तुकडा ठोकतात. आठ-नऊशे किलोच्या प्रवाशांसकट गाडीला पंधरा ग्रॅमची चूक खपत नाही, हे पाहून मला आमच्या ऑडिटरची आठवण झाली. अर्थात बॅलन्सिंगवाल्यानंही आधी हेच सांगितलं होतं : "धुऊन आणा."

प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी पंधरा दिवस गुणी मुलासारखी वागायची. मिस्त्रीला वाटायचं दुखणं गेलं, मलाही वाटायचं. सौ. तेवढी दुरुस्तीच्या पावत्या न बोलता एका पिशवीत जमा करत होती. तिचं हे न बोलणं थरथरीपेक्षा जास्त जाणवायचं.

शेवटी मी ठरवलं की मिस्त्री नको आणि पेन्शनर नको. आपण कारकून आहोत, कारकुनासारखं शोधू. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत एक हेडकॅशियर होते. संध्याकाळी फरक निघाला की नवी पोरं घाबरून सगळी व्हाउचरं पहिल्यापासून तपासत बसायची. ते हसायचे. म्हणायचे, "आधी फरकाला विचार, तू कोण? नऊनं भाग जातोय का बघ. त्रेसष्टचा फरक आहे ना? मग कुणीतरी एक्याऐंशीचे अठरा लिहिलेत. नाही गेला तर निम्मा कर. तेवढी रक्कम नावेऐवजी जमेला गेली असेल." दहातल्या सात वेळा फरक पाच मिनिटांत सापडायचा. आता सगळं संगणकावर आलं तरी कॅशमधला फरक माणसालाच शोधावा लागतो आणि मी अजून तसाच शोधतो.

तर मी थरथरीला विचारलं, तू कोण? शंभर पानी वही आणली, रकाने पाडले : तारीख, रस्ता, वेग, पाऊस, गाडीत कोण, थरथर आहे/नाही. शिवाय प्रयोग केले. थरथर स्टिअरिंगमध्ये असेल तर दुखणं पुढच्या चाकांत, सीटखाली असेल तर मागच्या. माझी स्टिअरिंगमध्ये. साठाच्या वेगाला गाडी न्यूट्रलला टाकून नुसती वाहू दिली, थरथर तशीच. म्हणजे इंजिन निर्दोष (माउंटिंगचे पैसे पाण्यात). ब्रेक दाबल्यावर वाढली असती तर डिस्क वाकडी म्हटली असती, वाढली नाही. फरक चाकात होता, हे पक्कं झालं. आणि चाकं तर मशीननं नुकतीच पास केली होती!

सप्टेंबरपर्यंत वहीत सोळा नोंदी झाल्या. एका रविवारी मी त्या घेऊन बसलो आणि हेडकॅशियरांचं स्मरण करून एकेक रकाना तपासला. पाऊस असताना कधी थरथरली, कधी नाही. रस्ता तोच असून कधी थरथरली, कधी नाही. एकच रकाना असा निघाला की त्यानं सोळापैकी एकदाही दगा दिला नव्हता. 'गाडीत कोण.' आई असलेल्या पाच फेऱ्या, पाचही वेळा थरथर. आई नसलेल्या अकरा फेऱ्या, एकदाही नाही. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला संख्याशास्त्र होतं. सहसंबंध गुणांक पूर्ण एक येतो असं उदाहरण फक्त पुस्तकात असतं, असं सर सांगायचे. माझ्या वहीत ते आलं होतं. त्या आनंदात मी खाली दोन रेघा मारून लिहिलं, 'निष्कर्ष : आई.'

आई तेव्हा आमच्याकडेच होती. साखर वाढली म्हणून दोनदा पुढे गेलेली ऑपरेशनची तारीख अखेर ठरली होती आणि त्याआधीच्या तपासण्यांसाठी मी तिला आणलं होतं. रात्री जेवताना आमच्या सातवीतल्या चिरंजीवांनी ती वही उघडली. शाळेत त्यांचं प्रकट वाचन चांगलं आहे. त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, "आजी गाडीत, थरथर आहे. आजी नाही, थरथर नाही. निष्कर्ष, आई."

आई हसली. सौ.नं माझ्याकडे बघितलं. मी भाजीत मीठ कमी असल्याविषयी काहीतरी बोललो.

दुसऱ्या दिवशी आई सकाळच्या एसटीनं गेली. चार दिवसांनी धाकट्याचा फोन आला. "दादा, आई म्हणते, डोळ्याचं दिवाळीनंतर बघू."

"तारीख मिळालीय! तिला फोन दे."

"घेत नाही. ज्वारी निवडत बसलीय." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "खरं सांगू का, तिला आता निवडताना खडा दिसत नाही. हातानं चाचपून निवडती. काय झालं तिकडं?"

काय झालं ते मी सांगितलं नाही. रजा टाकली आणि पहाटे गाडी काढली. आदल्या रात्री पाऊस झाला होता, पांदण नुसती लोण्यासारखी झाली होती. गाडी पार दारात नेली. आई ओट्यावर बसलेली.

"कशाला आलास एवढ्या चिखलात?"

"तुला न्यायला. परवा ऑपरेशन."

"न्हाई बाबा. मपलं काय व्हायचं ते होईल. तुझी गाडी मोडायची माझ्यापायी. आधीच पैसं घालून घालून दमलास तू."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. रागावलेल्या ग्राहकाची समजूत कशी काढायची याचं आम्हाला ट्रेनिंग असतं. पण ती खरोखरच गाडीच्या काळजीनं बोलत होती. मी दोन तास बसलो. धाकट्यानं सांगून पाहिलं, भावजयीनं सांगून पाहिलं. नाही म्हणजे नाही. शेवटी मी एकटाच निघालो. आयुष्यात पहिल्यांदा आईनं मला वाटेला लावताना गाडीपर्यंत यायचं टाळलं.

तेलगाव गेलं. रस्ता मोकळा झाला. माझं लक्ष गाडीत नव्हतंच. काटा कधी पंचावन्नाच्या पुढे गेला ते कळलं नाही. आणि एकाएकी स्टिअरिंगला शिरशिरी सुटली.

मी मागे वळून पाहिलं. सीट रिकामी होती.

साठ केला. गिरणी सुरू झाली. लिंबू नाचायला लागलं, मिरच्या नाचायला लागल्या. आपली गाडी खिळखिळल्यासारखी हलते आहे म्हणून आनंदानं ओरडणारा मनुष्य त्या रस्त्यानं त्यापूर्वी गेला नसेल. मी तिथल्या तिथे गाडी वळवली आणि आलो तसाच, पुन्हा सगळी पांदण तुडवत, वस्तीवर जाऊन हॉर्न वाजवत राहिलो.

"आई, हलली! तू नव्हतीस तरी हलली!"

आई ओट्यावरून उठली. भिंतीला धरत गाडीपाशी आली. "सांग बरं, कवा हालती?" तिनं विचारलं. डॉक्टरसारखं. मी सगळं सांगितलं. कवा हालत न्हाई, तेही विचारलं. आणि मग तिनं तो प्रश्न विचारला, जो एकाही मिस्त्रीनं विचारला नव्हता. "आन् मी नसती तवा गाडी कुठं लावतो?"

"मारुतीच्या पाराजवळ."

"म्हंजी पांदणीत आणीत न्हाईस."

ती चाकाजवळ जोत्याच्या दगडावर बसली. डोळ्यांनी दिसत नव्हतंच, तिनं सरळ चाकाच्या मागच्या अंगाला हात घातला आणि ज्वारीतला खडा शोधावा तसा रिमच्या आतून फिरवला. "हे बघ काय हाय," म्हणाली. मी वाकून हात घातला. रिमच्या आतल्या खोबणीत, बाहेरून जिथं कुणालाही दिसणार नाही अशा जागी, तळहाताएवढा काळ्या मातीचा लपका एकाच बाजूला घट्ट बसला होता.

"औताला माती धरली तर बैल वढीत न्हाई, हे इसरलास व्हय? तुझा बाप दर तासाच्या टोकाला थांबून वखराची पास खरडायचा. खुरपं आण."

गोदाकाठची ही काळी माती. तिच्यावरून चालताना दहा पावलांत चपलेचा जोडा किलोभराचा होतो, म्हणून आमच्याकडे चपला हातात घेऊन चालतात. ओली असताना ती फुगून डिंकासारखी धरते, वाळली की आकसून भेगाळते आणि दणका बसला की गळून पडते. वडवणीच्या गतिरोधकावर थरथर का थांबायची ते त्या दगडावर बसल्या बसल्या मला कळलं. आणि प्रत्येक मिस्त्री पहिल्यांदा धुऊन का मागायचा आणि धुतल्यावर दुखणं का सापडायचं नाही, तेही. पुरावा आम्ही दर वेळी पैसे देऊन धुऊन काढत होतो.

घरी आल्यावर मी हिशेब मांडला. मारुतीचं बारा इंची चाक ताशी साठला सेकंदाला सुमारे दहा वेळा फिरतं. आतल्या कडेला शंभर ग्रॅम माती एकाच बाजूला असेल तर ती त्या वेगाला चाकाला जवळजवळ सहा किलोच्या जोरानं हिसडे देते, सेकंदाला दहा. वेग निम्मा केला तर जोर पाव होतो, म्हणून पंचेचाळीसच्या खाली पत्ता लागायचा नाही. याला चक्रवाढ म्हणायला हवं. बँकेत आम्ही तो शब्द उगीच व्याजाला वापरतो.

वहीनं खोटं सांगितलं नव्हतं. आई आणि थरथर यांचा संबंध होताच. आईसाठी मी पांदणीत शिरत होतो. फक्त एक्याऐंशीचे अठरा मी लिहिले होते.

तर चारही चाकं खरडली. आई खुरपं पदरात धरूनच गाडीत बसली. पांदण संपून डांबर लागल्याबरोबर तिनं मला खाली उतरवलं आणि काचेतून हात बाहेर काढून देखरेख केली, "त्या अंगाचं बी. आतून, आतून." मारुतीच्या पारावर बसलेली मंडळी बँकेतला साहेब भर रस्त्यात उकिडवा बसून चाकाला खुरपणी करताना पाहत होती. एकानं विचारलं, "तण लई झालंय काय?" पुढे तेलगावनंतर पंचावन्न, साठ, पासष्ट. लिंबू स्थिर. मागे आई झोपून गेली होती.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर तिला घरी न्यायला मी दवाखान्याच्या दारात गाडी उभी केली. काळा चष्मा लावून, सौ.च्या हाताला धरून आई पायऱ्या उतरली. गाडीसमोर येऊन थांबली. चष्मा जरासा वर करून तिनं पुढून पाहिलं, बाजूनं पाहिलं.

"हीच व्हय ती?"

"हीच."

"आगं माय! एवढुशी हाय? आन् तू तर पांढरी म्हणला होतास."

"पांढरीच आहे."

"पिवळी पडलीया," आई म्हणाली आणि दार उघडायची वाट पाहत उभी राहिली.